काचबिंदू सुरुवातीलाच कसा पकडायचा: तपासणीला जाण्यापासून रिपोर्ट वाचण्यापर्यंत

काचबिंदूच्या बहुतेक पेशंटना सुरुवातीची कित्येक वर्षं काहीही होत नाही. डोळा दुखत नाही, लाल होत नाही, तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा नीट वाचता येते. त्याच काळात डोळ्यामागची नस मात्र हळूहळू सुकत असते. थेंब, लेझर, ऑपरेशन यांपैकी काहीही केलं तरी उरलेली नजर राखता येते, गेलेली परत आणता येत नाही. दक्षिण भारतात वस्त्यांवर जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत काचबिंदू सापडलेल्या दहापैकी नऊ जणांना आपल्याला तो आहे याचा पत्ताच नव्हता.

मी नाशिकमध्ये डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळ्यातलं प्रेशर बघणं, फील्ड टेस्ट (नजर आजूबाजूला किती पसरते त्याची तपासणी) घेणं, ओसीटी (डोळ्यामागच्या थरांचं स्कॅन) काढणं हे माझं रोजचं काम. निदान आणि औषध डॉक्टरांचं. पण मशीनसमोर बसलेल्या माणसाशी बोलायला वेळ मला जास्त मिळतो. त्या बोलण्यातून एक गोष्ट रोज दिसते. लोक डोळे तपासून घेतात, नस तपासून घेत नाहीत. पुढे जे लिहिलंय ते सगळं या एका फरकाबद्दल आहे.

आधी नेमकं काय बिघडतं ते

पडद्यावर पडलेलं चित्र मेंदूकडे नेणारे साधारण १० ते १२ लाख बारीक तंतू एकत्र येऊन नस बनते. ते डोळ्यातून बाहेर पडतात ती गोल जागा म्हणजे डिस्क. डिस्कच्या मध्यभागी एक खळगा असतो, त्याला आम्ही कप म्हणतो, आणि खळग्याभोवती तंतूंची गुलाबी-केशरी कड असते. तंतू मरू लागले की कड झिजते आणि खळगा रुंदावतो. काचबिंदूची पहिली खूण इथे उमटते, नजरेत नाही. नेहमीच्या फील्ड टेस्टमध्ये दोष उमटेपर्यंत त्या भागातल्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतक्या पेशी गेलेल्या असू शकतात.

पोस्टरवर काळ्या बोगद्यातून दिसणारं चित्र छापतात, त्याने नुकसानच होतं. असं काळं कोणालाच दिसत नाही, कारण हरवलेली जागा मेंदू आजूबाजूच्या चित्राने भरून टाकतो. त्यामुळे 'मला काळं काही दिसत नाही, म्हणजे मला काचबिंदू नाही' असं समजून माणूस निर्धास्त राहतो. पेशंट प्रत्यक्षात काय सांगतात? जिना उतरताना शेवटची पायरी चुकली, पेपर वाचताना ओळ सुटते, द्वारका चौकात बाजूने आलेली रिक्षा दिसलीच नाही, संध्याकाळी दिवा लवकर लावावा लागतो. आणि हे सांगायला येतात तेव्हा सुरुवात बरीच मागे पडलेली असते.

घरी एक डोळा झाकून, बोटं हलवून बघायची पद्धत पुष्कळ जण विचारतात. करा, त्याने नुकसान नाही. पण त्यात फक्त वाढलेला आजार सापडतो. सुरुवातीचा काचबिंदू घरच्या घरी ओळखायचा कुठलाही खात्रीचा उपाय नाही.

पायरी १: तुम्ही कोणत्या गटात बसता ते बघा

सगळ्यात वर ठेवा सख्खं नातं. आई, वडील, भाऊ, बहीण यांपैकी कोणाला काचबिंदू असेल तर तुमचा धोका इतरांच्या कित्येक पट आहे. भावंडांमध्ये तर विशेष. घरात विचारताना 'काचबिंदू होता का?' एवढंच विचारू नका, कारण मागच्या पिढीत निदान झालेलंच नसायचं. 'आजोबांची नजर शेवटी गेली होती का? मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही दिसलं नव्हतं का?' असं विचारा. आपल्याकडे शिबिरात मोतीबिंदू काढल्यावरही दिसलं नाही की 'ऑपरेशन फसलं' म्हणतात. त्यातल्या काही डोळ्यांत नस आधीच संपलेली असते. 'मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू' असं म्हणत दोन-तीन वर्षं काढणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की ऑपरेशन पुढे ढकला हवं तर, पण नसेची तपासणी ढकलू नका. नजर अंधूक होण्याचं कारण मोतीबिंदू असलं, तरी त्याच्या आडोशाला दुसरं काही लपू शकतं.

मग वय. चाळिशीत एकदा पूर्ण तपासणी, त्यानंतर दर दोन वर्षांनी आणि साठीपुढे दरवर्षी, असा हिशोब बहुतेकांना पुरतो. सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर चाळिशीची वाट बघू नका. मोठा मायनस नंबर, डोळ्याला कधीकाळी बसलेला जोरदार मार (क्रिकेटचा चेंडू, विटीदांडूची विटी, कंपनीत उडालेला तुकडा), मधुमेह, पातळ कॉर्निआ (डोळ्यावरचा पारदर्शक पडदा) हेही यादीत येतात. प्लस नंबर असलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये कोन, म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट, बंद होण्याचा प्रकार जास्त दिसतो. त्याबद्दल पुढे.

आणि स्टिरॉइड. यावर मला थांबायचंय, कारण आपल्या जिल्ह्यात हे फार होतं. लासलगाव, पिंपळगावच्या मार्केटात कांद्याची धूळ, उन्हाळ्यात रस्त्याची धूळ, शेतात फवारणी. डोळे खाजतात, लाल होतात. मेडिकलमधून थेंब आणले जातात, दोन दिवसांत गार वाटतं, आणि मग तीच बाटली प्रत्येक उन्हाळ्यात येते. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन यांपैकी एखादं नाव त्या बाटलीवर बारीक अक्षरांत असतं. काही जणांच्या डोळ्यांत या थेंबांनी काही आठवड्यांत प्रेशर चढतं, आणि ते चढल्याचं जाणवत नाही. निफाडकडचा एक शाळकरी मुलगा आमच्याकडे चष्म्याच्या नंबरासाठी आला होता. उजव्या डोळ्याचा कप डिस्कच्या ०.८ पट झालेला, म्हणजे कड फारच झिजलेली. आईने पिशवीतून थेंबाची बाटली काढून दाखवली तेव्हा कारण कळलं. जुन्या चिठ्ठीवर दोन उन्हाळे तेच थेंब चालू होते. मुलगा तक्त्यावरच्या सगळ्या ओळी वाचत होता.

म्हणून आज घरात जेवढ्या थेंबांच्या बाटल्या आहेत त्या काढा आणि नावं वाचा. वरची नावं सापडली आणि थेंब डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय चालू असतील, तर तपासणी लगेच करा. डॉक्टरांनीच दिले असतील तर परस्पर बंद करू नका, फोन करून विचारा. दम्याचे पंप, त्वचेची मलमं, सांधेदुखीच्या किंवा गावठी 'हमखास' गोळ्या यांतही स्टिरॉइड असू शकतं. तेही सांगा.

पायरी २: तपासणी कुठे आणि काय मागून

चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर नंबर काढला की डोळे तपासले, असं बहुतेकांना वाटतं. नंबर काढताना डोळ्याच्या आत कोणी बघत नाही. फॅक्टरीतली वार्षिक तपासणी किंवा लायसन्ससाठीची तपासणी हीसुद्धा बहुधा नंबर आणि रंग यांवर थांबते.

नेत्रतज्ज्ञांकडे जा. शहरात गंगापूर रोड, कॉलेज रोड, शालिमार, नाशिकरोड या सगळ्या भागांत नेत्रतज्ज्ञ आहेत. खर्चाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयाचा नेत्र विभाग आहे. पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडून येणार असाल तर आधी फोन करून फील्ड टेस्टचं मशीन कोणत्या वारी चालतं ते विचारा, म्हणजे एसटीचा एक फेरा वाचेल.

गेल्यावर हे एवढं बोला: 'मला काचबिंदूसाठी तपासायचंय. घरात अमुकला होता.' या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलते. नंबर वाढला म्हणून आलेल्या आणि काचबिंदूची शंका घेऊन आलेल्या पेशंटची तपासणी सारखी होत नाही. शंका असली तर चार गोष्टी व्हायला हव्यात: प्रेशर, कोन, थेंब टाकून बाहुली मोठी करून नस, आणि गरज पडली तर फील्ड व ओसीटी. यातलं काय राहिलं ते बाहेर पडण्याआधी विचारायला संकोच करू नका.

सोबत जुना चष्मा, जुने सगळे कागद, चालू औषधांची पट्टी आणि एक माणूस घेऊन जा. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि उन्हाचा त्रास होतो, त्यामुळे टू-व्हीलर चालवत परत येऊ नका.

पायरी ३: प्रेशर

प्रेशर म्हणजे डोळ्यातल्या पाण्याचा दाब; तो वाढला की नस मरू शकते. ते साधारण १० ते २१ असतं, मोजमाप पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. हवेचा फुत्कार मारणारं मशीन चाळणी म्हणून ठीक आहे. पण शंका असेल तर डोळ्यात बधिर करणारा थेंब आणि पिवळा रंग घालून, निळ्या उजेडात, स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर) घेतलेलं अॅप्लनेशनचं मापच धरायचं. कागदावर 'एनसीटी' लिहिलंय की 'एटी', ते बघा. पहिलं हवेचं, दुसरं अॅप्लनेशनचं.

माप घेताना लोक श्वास रोखतात आणि डोळे घट्ट आवळतात. दोन्हीने आकडा खोटाच चढतो. शर्टचं वरचं बटण उघडा, साडीचा पदर मानेभोवती घट्ट असेल तर सैल करा, श्वास चालू ठेवा. सकाळी उठल्यावर तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर तपासणीच्या दिवशी ते टाळा. एकदम लिटरभर पाणी प्यायलं की काही काळ प्रेशर वाढतं. शीर्षासनात तर ते दुपटीच्या आसपास जातं. काचबिंदू ठरलेल्यांनी किंवा शंका असलेल्यांनी शीर्षासन सोडलेलंच बरं, इतर आसनांबद्दल डॉक्टरांना विचारा.

आता महत्त्वाचं. २१ च्या आत म्हणजे सुटलो, हा समज काढून टाका. एका वेळच्या मोजमापात काचबिंदूच्या निम्म्याच्या आसपास पेशंटचं प्रेशर २१ च्या आत सापडल्याचं वस्त्यांवरच्या पाहण्यांत दिसलं आहे. प्रेशर दिवसभरात वरखाली होतं, बऱ्याच जणांचं पहाटे जास्त असतं, आणि आपण मोजतो सकाळी अकरा वाजता. शिवाय काही नसा कमी प्रेशरलाही टिकत नाहीत.

उलट बाजूही तितकीच खरी. २६ आलं म्हणून काचबिंदू झाला असं नाही. अमेरिकेत प्रेशर जास्त पण नस शाबूत असलेल्या लोकांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे निकाल २००२ साली आले. पाच वर्षांत थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्यावर आला, आणि थेंब न घेताही दहापैकी नऊ जण त्या पाच वर्षांत शाबूत राहिले. कोणाला थेंब द्यायचे आणि कोणावर फक्त लक्ष ठेवायचं, हे डॉक्टर बाकीच्या तपासणीवरून ठरवतात.

त्याच अभ्यासात कॉर्निआच्या जाडीचं महत्त्व पुढे आलं. जाडी साधारण ५२० ते ५४० मायक्रॉन असते. पातळ कॉर्निआवर माप खरं आहे त्यापेक्षा कमी येतं, जाडवर जास्त. ही जाडी मोजायला मिनिटभर लागतं आणि सहसा एकदाच मोजली तरी पुरतं. चष्मा काढण्यासाठी लेसिक केलं असेल तर हे न विसरता सांगा, कारण लेसिकनंतर कॉर्निआ पातळ झालेला असतो आणि प्रेशर फसवं कमी दिसतं. लेसिकआधीचे कागद फेकले नसतील तर तेही आणा.

पायरी ४: कोन

बुबुळ आणि कॉर्निआ यांच्या सांध्यात पाणी बाहेर जाण्याची वाट असते. ती उघडी आहे की अरुंद, हे छोटे आरसे बसवलेलं भिंग डोळ्यावर ठेवून बघतात. त्याला गोनिओस्कोपी म्हणतात. दुखत नाही, पण गर्दीच्या ओपीडीत हीच तपासणी सगळ्यात जास्त राहून जाते. ती बाहुली मोठी करण्याआधी व्हायला हवी. अरुंद कोनाच्या डोळ्यात बाहुली मोठी केली तर क्वचित प्रेशर एकदम भडकू शकतं. कोन अरुंद निघाला तर डॉक्टर लेझरने बुबुळात सूक्ष्म छिद्र करायला सांगू शकतात. काही मिनिटांचं काम आहे. आणि सर्दीच्या किंवा मनाच्या आजाराच्या काही गोळ्या घेण्याआधी 'माझा कोन अरुंद आहे' हे सांगायची सवय ठेवा.

पायरी ५: नस

बाहुली मोठी झाल्यावर डॉक्टर स्लिट लॅम्पसमोर एक भिंग धरून डिस्क बघतात. कागदावर 'सीडीआर ०.४' असं काहीतरी लिहितात. कपची उंची डिस्कच्या उंचीच्या किती पट आहे, याचा तो आकडा. बहुतेक निरोगी डोळ्यांत तो ०.३-०.४ च्या आसपास असतो. ०.६-०.७ च्या पुढे गेला, किंवा दोन डोळ्यांत ०.२ किंवा त्याहून जास्त फरक आला, की शंका घ्यायची.

पण इंटरनेटवर हा आकडा वाचून लोक विनाकारण घाबरतात, आणि काही जण विनाकारण निवांत होतात. मोठ्या डिस्कचा कप जन्मतःच मोठा असतो. अशा डोळ्यात ०.७ हा निरोगी असू शकतो. छोट्या डिस्कमध्ये ०.५ सुद्धा आजार असू शकतो. म्हणून डिस्कचा आकार आणि कडेची अवस्था जास्त बोलते. निरोगी डोळ्यात साधारणपणे कड खाली सगळ्यात जाड, मग वर, मग नाकाच्या बाजूला आणि कानाच्या बाजूला सगळ्यात पातळ असते. काचबिंदू सुरू होतो तो बहुतेकदा खालच्या किंवा वरच्या, कानाकडच्या भागात. तिथे कडेला खाच पडते. खालची कड वरच्यापेक्षा पातळ दिसली की आम्ही दचकतो.

दुसरी खूण म्हणजे डिस्कच्या कडेवर ज्योतीच्या आकाराची रक्ताची बारीक रेघ. ती काही आठवड्यांत विरून जाते, म्हणून बघणाऱ्याने मुद्दाम शोधली नाही तर हातची निसटते. प्रेशर नॉर्मल असलेल्या काचबिंदूत ती जास्त दिसते आणि आजार पुढे सरकत असल्याचं सांगते. तिसरी खूण, नसेपासून निघणाऱ्या तंतूंच्या थरातला काळपट पट्टा. हिरव्या उजेडात तो नीट उठून दिसतो.

डॉक्टरांना एक विनंती करा: डिस्कचा फोटो. कागदावरचा ०.६ आणि दोन वर्षांनी दुसऱ्या डॉक्टरांनी लिहिलेला ०.७ यांत आजार वाढला की फक्त नजरेचा अंदाज बदलला, हे कोणालाच सांगता येत नाही. फोटो असला तर सांगता येतं.

पायरी ६: फील्ड टेस्ट

हिला पेशंट सगळ्यात जास्त घाबरतात. अंधाऱ्या खोलीत एक डोळा झाकून, अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसायचं. मधल्या पिवळ्या ठिपक्यावर नजर ठेवायची, आजूबाजूला कुठेही उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. एका डोळ्याला साधारण तीन ते आठ मिनिटं.

छपाईच्या प्रेसमधून निवृत्त झालेले एक आजोबा पहिल्या वेळी प्रत्येक उजेडामागे डोळा फिरवत होते. आयुष्यभर बारीक दोष शोधण्याचं काम केलेला माणूस, उजेड निसटू देणं त्यांना जमेचना. मशीन दर काही क्षणांनी इशारा देत होतं. थांबवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, 'काका, शोधू नका. जे आपोआप दिसेल त्यालाच बटण.' मशीन मुद्दाम इतका मंद उजेड टाकतं की निरोगी माणसालाही जवळपास निम्मे उजेड दिसत नाहीत. हे कळल्यावर त्यांचा खांदा सैल झाला. दुसऱ्या वेळचा रिपोर्ट स्वच्छ आला. पहिला ठेवला असता तर औषध सुरू झालं असतं.

म्हणून पहिली टेस्ट वाईट आली तर रडू नका आणि लगेच निष्कर्षही काढू नका. पहिली बऱ्याचदा शिकण्यात जाते. टेस्टला जेवून, झोप घेऊन जा. डोळे मिचकावायला परवानगी आहे, बटण दाबतानाच मिचकवा. दमलात तर बटण दाबून ठेवा, बऱ्याच मशीनमध्ये टेस्ट तेवढा वेळ थांबते. पापणी लोंबत असेल तर आम्हाला सांगा, चिकटपट्टीने वर धरतो. नाहीतर वरचा भाग उगाच काळा येतो.

रिपोर्ट हातात आला की या क्रमाने बघा. सगळ्यात आधी जन्मतारीख. ती चुकली तर तुलना चुकीच्या वयाशी होते आणि सगळे आकडे फिरतात. मग वरच्या कोपऱ्यातले विश्वासार्हतेचे आकडे. नजर ठिपक्यावरून किती वेळा हलली, उजेड नसताना किती वेळा बटण दाबलं. उगाच दाबण्याचं प्रमाण १५ टक्क्यांच्या वर गेलं की रिपोर्टवर फार विसंबू नका. करड्या-काळ्या चित्राकडे पेशंटचं लक्ष आधी जातं, त्यावरून काही ठरवू नये. त्यात उजव्या डोळ्यात मध्यापासून उजवीकडे आणि डाव्यात डावीकडे एक काळा ठिपका असतोच. नस जिथे डोळ्यातून बाहेर पडते तिथे कोणालाच दिसत नाही, तो आंधळा बिंदू आहे. रोज कोणीतरी त्या ठिपक्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघतं.

खरी माहिती खाली उजवीकडच्या ठिपक्यांच्या चौकटीत असते, तिला पॅटर्न डेव्हिएशन म्हणतात. मोतीबिंदूमुळे सगळीकडे आलेला धूसरपणा तिथे बऱ्यापैकी वजा झालेला असतो आणि ठराविक जागचा दोष उरतो. शेजारी शेजारी तीन काळसर ठिपके, त्यातला एक तरी अधिक गडद, आणि हेच चित्र पुढच्या टेस्टमध्ये त्याच जागी पुन्हा आलं, तर दखल घ्यायची. काचबिंदूचा दोष आडव्या मध्यरेषेला मानतो, म्हणजे वरच्या किंवा खालच्या अर्ध्यात राहतो. नाकाच्या बाजूला पायरी किंवा धनुष्यासारखी कमान दिसते. उभ्या रेषेवर कापल्यासारखा दोष आला तर कारण मेंदूकडे शोधावं लागतं. नजर झपाट्याने गेली, रंग फिके वाटू लागले किंवा नस पांढरट दिसली, तरीही तसंच.

पायरी ७: ओसीटी

प्रकाशाने डोळ्यामागच्या थरांचा छेद काढणारं हे मशीन तंतूंच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये देतं. निरोगी माणसात सरासरी ९० ते १००. फील्डमध्ये काही दिसण्याआधी इथे पातळपणा दिसू शकतो, म्हणून सुरुवात पकडायला त्याचा मोठा आधार आहे.

रंगांवर मात्र आंधळा विश्वास नको. हिरवा म्हणजे वयाच्या मानाने नेहमीच्या मर्यादेत, पिवळा म्हणजे तळाच्या पाच टक्क्यांत, लाल म्हणजे तळाच्या एक टक्क्यात. म्हणजे पूर्ण निरोगी वीस माणसांतही एखाद्याला कुठेतरी पिवळा-लाल येणारच. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यांत तंतूंचे जुडगे जागेवरून सरकलेले असतात आणि काचबिंदू नसताना लाल दिसतं. उलट ज्याचा थर मुळात जाड होता, त्याचा बराच भाग जाऊनही मशीन हिरवं दाखवतं. अनेक मशीनमध्ये सिग्नल दहापैकी सहाच्या खाली असेल तर टेस्ट पुन्हा करायची. डोळा कोरडा पडल्यानेही सिग्नल घसरतो, अशा वेळी आधी दोनदा डोळे मिचकावून घ्या.

आणि एका कंपनीच्या मशीनचे आकडे दुसऱ्या कंपनीच्या मशीनच्या आकड्यांशी लावू नका. सेकंड ओपिनियनला मुंबईला गेलात, तिथे ८२ आलं आणि इथे ८९ होतं, म्हणून सात मायक्रॉन गेले असा अर्थ होत नाही. शक्य तितकं त्याच मशीनवर करत राहा.

पायरी ८: तिन्ही कागद शेजारी ठेवून

खालची कड पातळ असेल तर ओसीटीत खालचा भाग लाल आणि फील्डमध्ये वरचा भाग काळा यायला हवा, कारण डोळ्यात चित्र उलटं पडतं. तिघांचं जमलं तर शंका पक्की होत जाते. ओसीटी लाल, पण नस आणि फील्ड स्वच्छ असेल, तर बहुतेकदा डॉक्टर सहा महिन्यांनी पुन्हा बोलावतात. ते टाळाटाळ करत नाहीयेत. सुरुवातीच्या काचबिंदूत एका दिवसाच्या तपासणीपेक्षा दोन तपासण्यांमधला बदल जास्त सांगतो.

म्हणून फाइल. पहिला डिस्कचा फोटो, दोन भरवशाच्या फील्ड, पहिलं ओसीटी, प्रेशर व ते घेतल्याची वेळ, कॉर्निआची जाडी. एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारखेनुसार ठेवा, मोबाइलवर फोटो काढून मुलांनाही पाठवा. लॅमिनेट करू नका, थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो.

हे दिसलं तर त्याच रात्री

कोन अचानक बंद झाला तर चित्र पूर्ण वेगळं असतं. एका डोळ्यात प्रचंड दुखतं, अर्धं डोकं फुटायला येतं, डोळा लाल, नजर धूसर, दिव्यांभोवती इंद्रधनुष्यासारखी कडी, आणि उलट्या. उलट्यांमुळे घरचे 'पित्त झालंय' म्हणतात, अर्धशिशीची गोळी देतात आणि सकाळची वाट बघतात. त्या रात्रीत नजर जाऊ शकते. तपासायला येणाऱ्या कोणत्याही डॉक्टरांना आधी डोळ्याबद्दल सांगा, आणि नेत्रतज्ज्ञ असलेल्या ठिकाणी पोहोचा. संध्याकाळी दिव्यांभोवती कडी दिसणं आणि झोपून उठल्यावर बरं वाटणं असं अधूनमधून होत असेल, तर तीही सूचनाच आहे. दुसऱ्या दिवशी कोन तपासून घ्या.

तान्ह्या बाळाचे डोळे वाजवीपेक्षा मोठे, पाणावलेले, उजेडाला मिटणारे किंवा धुरकट दिसले तर लगेच दाखवा. 'मोठ्या डोळ्यांचं बाळ' म्हणून कौतुक करत महिने जातात.

निदान झालं तर

थेंब सुरू करण्याआधी दमा किंवा नाडी मंद असल्याचं डॉक्टरांना सांगा, कारण टिमोलॉलसारखे थेंब अशा माणसांना चालत नाहीत. थेंबाने नजर वाढल्यासारखं काही वाटणार नाही. त्यामुळे 'फरक नाही' म्हणून लोक महिनाभरात सोडतात. थेंबाचं काम नजर वाढवणं नाही, प्रेशर खाली ठेवणं आहे, आणि ते पुढच्या मोजमापात दिसेल.

त्याच आठवड्यात सख्ख्या भावंडांना फोन करा. सिन्नरच्या धाकट्याला, पुण्यात दिलेल्या बहिणीला, 'मला काही त्रास नाही' म्हणणाऱ्या मोठ्या भावाला. 'डोळे तपासून घे' म्हणून सोडू नका, तो चष्म्याचा नंबर काढून येईल. 'बाहुली मोठी करून नस बघायला सांग, आणि कागदावर सीडीआर किती लिहिलंय ते मला पाठव' असं म्हणा. तुमच्या मुलांचीही यादी करून ठेवा.